मयताच्या घरचा खेळ

पेर्पेतुआनं तो कागद उचलला, एकदाच पाहिला आणि टेबलावर पालथा घातला. वर हातातली जपमाळ ठेवली, जणू वाऱ्यानं कागद पुन्हा उलटेल अशी तिला धास्ती होती. वारा मुळीच नव्हता. दुपारचे तीन वाजले होते, वीज गेलेली होती आणि छताचा पंखा मान टाकून बसला होता.

"दारा, शाई ओली आहे," क्लारिस म्हणाली.

"असू दे."

"चित्र पुसलं जाईल ना."

"पुसलं जाऊ दे. तेच म्हणते मी."

क्लारिस ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मावशीला ती बोलू लागल्यापासून दारा म्हणत आली होती, आणि दाराचा आवाज असा खाली गेला की गप्प बसावं हेही तिला तेव्हापासूनच ठाऊक होतं. पण आज ती गप्प बसली नाही. तिनं जपमाळ अलगद बाजूला केली आणि कागद सरळ केला.

चित्रात माणसं गोल बसली होती. प्रत्येकाच्या कानावर एकेक फूल होतं, कुणाच्या मोगरा, कुणाच्या चाफा. मधे लांबट पेटी होती, चार कोपऱ्यांना चार मेणबत्त्या. पेटीचं झाकण उघडं आणि आत काही नाही.

"आत कुणाचा चेहरा काढायचा ते सुचेना," क्लारिस म्हणाली, "म्हणून रिकामी ठेवली."

पेर्पेतुआचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि तिनं क्रूस काढला. आतल्या खोलीत, फुलाफुलांच्या पडद्यामागं तिचा बाप अंथरुणावर होता. त्यांना ती तातांग म्हणे आणि क्लारिस इंकुंग, म्हणजे आजोबा. वय वर्षं एक्याण्णव. पाय सुजून उशीसारखे झालेले. परवाच फादर येऊन त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना शेवटच्या आजारातलं पवित्र तेल लावून गेले होते. अशा घरात ही पोरगी रिकामी शवपेटी काढून ठेवते! रिकामी पेटी आपला माणूस शोधत येते, हे बाकोलोर गावात काय शिकवावं लागतं?

"अगं बाई, सोळा जुने खेळ झाले ना तुझ्या शाळेच्या पुस्तकात?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "करवंट्यांवर चालायचा झाला, चप्पल मारून डबा पाडायचा झाला, पाण्याच्या रेघांवर अडवाअडवीचा झाला. सोळा काय कमी आहेत? शाळेतली पोरं सोळा तरी खेळणार आहेत का?"

"सोळाही खेळ अजून कुणी ना कुणी खेळतंच, दारा. हा एकटाच संपलाय. सोमवारी पुस्तक छपाईला जाईल. इंकुंगना राजाची ओळ येते, तुला फुलांची उत्तरं येतात. दोघंही या घरात आहात."

"आणि मयत नाही."

"काय?"

"घरात मयत नाही." पेर्पेतुआनं पडद्याकडे पाहिलं. "हा खेळ मयताच्या घरचा आहे. जागरणाला बसलेली माणसं पेंगू नयेत, मेलेल्याला एकटं वाटू नये, म्हणून खेळायचा. ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथं तो खेळला, तर खेळ आपलं माणूस घेऊन जातो."

क्लारिस हसली नाही, हे तिचं चांगलं. पण तिच्या डोळ्यांत 'जुनी माणसं' असं काहीतरी उमटलं, ते पेर्पेतुआला दिसलं. दिसलं आणि टोचलं. या पोरीला काय सांगायचं? नऊ वर्षांची होती पेर्पेतुआ. सांतोलच्या झाडाखाली चुलत भावंडांना गोळा करून तिनंच हा खेळ मांडला होता. मधे मयत म्हणून उशी ठेवली, उशीवर पांढरा रुमाल. सगळी उत्तरं बिनचूक आली होती तिला. केवढा अभिमान वाटला होता! नवव्या दिवशी काकूचं तान्हं पोर गेलं. आईनं तिला मारलं नाही. ती नुसती म्हणाली, "तू बोलावलंस, ते आलं." मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पेर्पेतुआला बासष्टाव्या वर्षीही वाटे.

तेव्हापासून देवाच्या दारात तिनं गळा झिजवला. उपासाच्या दिवसांत ख्रिस्ताच्या यातनांची कथा गायला बसायची, तेव्हा पहिली ओळ तिची असे आणि मागं सगळ्या बाया झील धरीत. गावात कुणी गेलं तरी पहिलं बोलावणं पेर्पेतुआलाच येई. शेकडो मयतांपाशी ती गायली. पण हा खेळ मेल्या माणसाच्या ओट्याबाहेर तिनं कधी ओठांवर येऊ दिला नाही. आताशा तर मयताच्या घरीही कुणी तो मागत नव्हतं. लोक पत्ते कुटायचे, आकडे ओरडत बिंगो खेळायचे.

"कोण गं, कुणाचं भांडण चाललंय?" दारातून शेजारीण मेनांग आत आली. हातात झाकलेलं वाडगं, त्यातून आल्याचा वास. "तांदळाची पेज आणलीये इंकुंगसाठी. मीठ कमी घातलंय, आधीच सांगते, नाहीतर उद्या गल्लीभर होईल की मेनांगला चव समजत नाही."

"भांडण नाही," पेर्पेतुआ म्हणाली.

"मग मला बघून दोघी अशा का बसलात? कोंबडी चोरल्यासारख्या?" तिनं वाकून चित्र पाहिलं. "अय्या, फुलांचा खेळ! माझी आई कुंतीचं फूल व्हायची. ही पेटी कुणाची?"

"कुणाची नाही," क्लारिस घाईनं म्हणाली.

"मग झाकण लाव बाई तिला. डास जातील."

पेर्पेतुआला हसू आलं नाही. तिनं चित्र पुन्हा पालथं घालायला हात पुढं केला, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून टाळीचा आवाज आला.

एक. मग थोडं थांबून दुसरी. मग तिसरी.

सुजलेल्या हातांची टाळी ती. ओल्या कपड्यावर कपडा आपटावा तशी. पण तीन टाळ्या म्हणजे काय ते ओळखायला पेर्पेतुआला क्षणही लागला नाही. खेळ सुरू करायची ती राजाची खूण. पडद्याआडून तातांगचा आवाज आला, बारीक, पण सुरात:

"पिंजऱ्याचं दार उघडं, उडून गेला रावा,
कुणी म्हणे मोगऱ्यापाशी, मोगऱ्या—"

पेर्पेतुआ धावली. खुर्ची आडवी झाली, वाडगं कलंडता कलंडता मेनांगनं धरलं. पडदा ओढून ती आत शिरली आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. बापाच्या तोंडावर हात ठेवला.

तळव्याखाली त्यांचे ओठ थरथरत होते. दाढीचे खुंट टोचत होते. तातांगनी तिच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे. तिनं हात काढला तेव्हा तो भाजल्यासारखा वाटत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तुम्ही हे म्हणू नका. पाया पडते."

"अर्धी राहिली ओळ," तातांग म्हणाले. "अर्धी सोडली तर जास्त वाईट."

"असं कुठं आहे?"

"मी म्हणतो म्हणून आहे. राजा कोण आहे?"

मेनांग दारात उभी राहून म्हणाली, "राजे, आधी पेज घ्या. प्रजा उपाशी ठेवते असं नको व्हायला."

तातांगचे ओठ जरा हलले. पण डोळे मुलीवरच होते. "पोरीला खेळ हवाय. का देत नाहीस?"

"घरात..." पेर्पेतुआचं वाक्य पुरं होईना. आजाऱ्यापुढं तो शब्द उच्चारायचा कसा? "तुम्हाला माहीत आहे, का देत नाही ते."

"माहीत आहे. मयत नाही म्हणून." त्यांनी एक श्वास घेतला. तो आत जाताना शिट्टीसारखा वाजला. "मग थांबा. मी जातोच आहे चार दिवसांत. माझ्या मयताला खेळा. मग राजा कोण होणार?"

पेर्पेतुआनं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"सांग ना. राजाची ओळ येणारे किती होते? आंबो गेला. सुतार गेला. चिखलाच्या वर्षी निम्मे गेले. राहिलो मी. माझ्या मयताला राजा पेटीत निजलेला असणार. उठून टाळ्या वाजवू?"

क्लारिस पडद्याशी उभी होती. वही छातीशी धरलेली. "इंकुंग, नको," ती म्हणाली. "मला नको तो खेळ. सोळा पुष्कळ आहेत." आणि मग, जीभ चाचरत, "मी वाट बघत होते असं नाही हो. खरंच नाही."

"बघितलीस तरी काय," म्हातारा म्हणाला. "मीही बघतोय."

पेर्पेतुआ पलंगाच्या कडेला बसली. म्हातारा बोलतो ते खरं, हे तिला कळत होतं. पण उशीवरचा पांढरा रुमालही दिसत होता. खेळ गेला तर एक खेळ गेला. बाप गेला तर? आणि तो आपल्या तोंडच्या शब्दांनी गेला तर? देवापुढं कुठल्या तोंडानं गाणार?

"फादर म्हणाले," ती कशीबशी म्हणाली, "अजून काही दिवस... देवाच्या मनात असलं तर..."

"देवाच्या मनातलं देव बघेल," मेनांग पुटपुटली. "तू किती ठिकाणी पहारा देशील?"

तातांगनी तिच्याकडे बोट केलं, गप्प बस म्हणून. मग ते पेर्पेतुआला म्हणाले, "या घरात मयत नाही?"

"नाही, तातांग."

"नक्की?"

तिनं बापाकडे पाहिलं. त्यांनी नजर छताला लावली होती, पत्र्याच्या एका खिळ्याकडे.

"सेवेरो," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

सेवेरो हा पेर्पेतुआचा पाठचा भाऊ. पिनातुबो ज्वालामुखीची राख डोंगरावर साठून राहिली होती. त्या ऑक्टोबरात पाऊस लागला आणि राखेचा चिखल होऊन सगळं गावावर आलं. पोराबाळांसकट माणसं छपरांवर चढली. सेवेरोही चढला होता. मग म्हशीचा दोर सोडायचा राहिला म्हणून तो खाली उतरला. चोवीस वर्षांचा होता. म्हैस तिसऱ्या दिवशी दोन गावं पलीकडे जिवंत सापडली. सेवेरो सापडला नाही. ज्यांची माणसं सापडली त्यांनी पुरली, ज्यांची सापडली नाहीत त्यांनी रिकामी पेटी पुरून क्रूस रोवला. तातांगनी काहीच केलं नाही. "पाहिलं नाही त्याला पुरू कसा?" एवढंच म्हणाले. ना जागरण, ना नवव्या दिवसाची प्रार्थना. सर्व संतांच्या सणाला आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावताना पेर्पेतुआनं एकदा दुसरी काढली होती. बापानं ती हातातून घेऊन खिशात टाकली. गावच्या प्रत्येक मयतापाशी गाणाऱ्या बाईनं सख्ख्या भावासाठी एक ओळ म्हटली नव्हती. म्हणायची कशी? बाप त्याला जिवंत धरून बसला होता.

"तातांग," ती म्हणाली, "तुम्ही... खरंच?"

"त्याचं जागरण झालं नाही. राहून गेलं." आवाज अगदी साधा होता, जणू अंगणातली दोरी आत घ्यायची राहून गेली. "मयत आहे घरात. बसा गोल."

मग मेनांगनं वाडगं खिडकीत ठेवलं, पदरासारखा खांद्यावर टाकलेला पंचा काढून घाम पुसला आणि ती फतकल मारून जमिनीवर बसली. "मी कुंती," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मधे काय ठेवायचं?" पेर्पेतुआनं विचारलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. "त्याचं काहीसुद्धा नाही आपल्याकडे. सदरासुद्धा नाही."

"जागा ठेव."

तिघींनी पलंगाच्या पायथ्याशी जमीन मोकळी केली. तांब्या उचलला, चपला सरकवल्या. एका माणसाएवढी लांबी. क्लारिस भिंतीला टेकून बसली आणि तिनं वही उघडली. पेर्पेतुआ मोगरा झाली, लहानपणी व्हायची तशी, आणि क्लारिसला चाफा दिला. उत्तरं पेर्पेतुआनं तिच्या कानात सांगायची असं ठरलं.

तातांगनी तीन टाळ्या वाजवल्या.

"पिंजऱ्याचं दार उघडं, उडून गेला रावा,
कुणी म्हणे मोगऱ्यापाशी. मोगऱ्या, ठाव लावा."

पेर्पेतुआनं तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. नियम असा, की राजानं मांडीवर तीन थापा मारायच्या आत उत्तर द्यायचं. नाही आलं, तर हातावर चप्पल खायची आणि मयताचं नाव घेऊन त्याच्या शांतीची प्रार्थना म्हणायची. तातांगनी पहिली थाप मारली. दुसरी मारली. पेर्पेतुआनं त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. सेवेरो उताणा झोपायचा, एक पाय दुमडून. ती गाढवासारखी भीत कशाला होती? आपलाच भाऊ होता तो.

"माझी पानं मोजून घ्या, माझी डहाळी रिती,
चाफ्याखाली पिसं पडली, विचारा त्याच्या भिंती."

"हं," तातांग म्हणाले. त्यांनी चाफ्याला हाक दिली. पेर्पेतुआ कुजबुजली, क्लारिसनं अडखळत म्हटलं आणि कुंतीवर ढकललं. मेनांगनं आईचं उत्तर साठ वर्षांनी असं फाडकन दिलं की तिचं तिलाच नवल वाटलं. रावा पुन्हा मोगऱ्याकडे आला. एक फेरी झाली, दुसरी झाली. म्हाताऱ्याच्या दर ओळीनंतर ती शिट्टी वाजे आणि दर शिट्टीला पेर्पेतुआ आपला श्वास धरून ठेवी, तो बाहेर पडेपर्यंत. तिसऱ्या फेरीत क्लारिस अडकली. मेनांगनं तिच्या तळहातावर चप्पल टेकवल्यासारखी मारली, आणि पोरीनं कधी न पाहिलेल्या मामासाठी प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. तातांगचे ओठ मिटलेले होते.

ते पेर्पेतुआनं पाहिलं.

खेळात राजा कधी हरत नसे. तो फक्त विचारी. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याच्यावर प्रार्थना म्हणायची पाळी कशी येणार? रावा राजाकडेच पाठवायचा नाही असा काही नियम नव्हता; पण कुणी पाठवत नसे. राजाचा मान होता.

"मोगऱ्या, ठाव लावा," तातांग म्हणाले, आणि खोकले. खोकला लांबला. मेनांगनं पेर्पेतुआकडे पाहिलं, पुरे म्हणून. आता थांबावं. आता थांबलं तर कदाचित काही होणार नाही. ती थांबली नाही. उत्तर तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तोंडात आलं तसं तिनं म्हटलं.

"सगळी झाडं धुंडून झाली, उगाच आम्हां आळ,
राजा, तुमच्याच वळचणीला रावा सांज-सकाळ."

बाहेर कुणाच्या तरी घरी कोंबडा अवेळी आरवला. मेनांगनं हात मांडीवर नेला, पण थाप मारायला धजेना. मग तिनं मारली. एक. दोन.

तातांग छताच्या खिळ्याकडे पाहत होते.

तीन.

"चप्पल," ते म्हणाले आणि हात पुढं केला.

"काहीतरीच काय, इंकुंग!" मेनांग म्हणाली.

"नियम आहे."

पेर्पेतुआनं चप्पल घेतली आणि बापाच्या सुजलेल्या तळहातावर अलगद ठेवली. परवाच्या तेलाचा वास अजून त्या हाताला होता. त्यांनी बोटं मिटली, चप्पल धरूनच ठेवली.

"हे प्रभो," ते म्हणाले, आणि थांबले. इतका वेळ थांबले की पेर्पेतुआ अर्धी उठली. "माझ्या सेवेरोला चिरविश्रांती दे. तुझा प्रकाश त्याच्यावर पडो. त्याला अंधारात... त्याला अंधारात फार वेळ झाला."

'आमेन' म्हणायचं होतं. शेकडो मयतांपाशी सर्वांच्या पुढं 'आमेन' म्हणणाऱ्या पेर्पेतुआला ते म्हणता आलं नाही. मेनांगनं म्हटलं. क्लारिस वहीत तोंड खुपसून बसली होती.

तातांगनी डोळे मिटले. छाती खाली गेली आणि वर आली नाही. पेर्पेतुआनं वाट पाहिली. तिच्या कानांत वारा भरल्यासारखं झालं. आलं, तिला वाटलं, बोलावलं तसं आलं. सेवेरोचं नाव खेळाला पुरलं नाही.

मग शिट्टी वाजली आणि छाती वर आली.

"पोरी," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "लिहिलंस?"

क्लारिसनं वही पाहिली. "नाही, इंकुंग. पहिल्या दोनच ओळी आहेत. मग मी... मग राहिलं."

"काय मुलं आहेत! मग पुन्हा."

"पुन्हा नको, तातांग," पेर्पेतुआ म्हणाली. "दमलात. उद्या बघू."

"मी नुसतं उत्तर देईन. चाफा करा मला. पोरीला लिहू दे." त्यांनी चप्पल तिच्याकडे सरकवली. "राजा तू हो."

"मी? बाई कधी राजा झालीये का?"

"आमच्या घरी तर चाळीस वर्षं मीच आहे," मेनांग डोळे पुसत म्हणाली.

पेर्पेतुआ बापाकडे बघत राहिली. ते तिला कशासाठी राजा करत होते, ते तिला कळलं. त्यांच्याच मयताला मांडायच्या खेळासाठी. नको, असं तिला ओरडावंसं वाटलं. म्हाताऱ्यानं एक डोळा किलकिला उघडून पाहिलं, ती शिकते आहे की नाही ते.

तिनं हात मांडीखालून काढले. पहिली टाळी नीट वाजलीच नाही. दोन्ही तळवे एकमेकांना चुकले. दुसरी वाजली. तिसरी बाहेरच्या गल्लीत ऐकू जाईल इतकी वाजली.

"पिंजऱ्याचं दार उघडं," तिनं सुरुवात केली, आणि हाक दिली ती पहिल्यांदा चाफ्यालाच.